तांबं-निकेलचा लेसर जोड आणि त्यामागचं गणित

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल १४५५ ला. दोन्हींच्या पट्ट्या जोडण्यासाठी कडेला कड लावून ठेवल्या आणि लेसर बरोबर सांध्यावर धरला, तर आधी तांबं वितळेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आधी वितळतं निकेल. तांब्याची उष्णतावाहकता निकेलच्या चौपटीहून जास्त असल्याने तांब्यातली उष्णता सांध्यापाशी साठायच्या आत दूर निघून जाते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जी. फणीकुमार, के. चट्टोपाध्याय आणि प्रदीप दत्ता यांनी २००४ मध्ये मांडलेल्या त्रिमितीय सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या गणिती मॉडेलमध्ये, हेच दिसलं. किरण मध्यावर असूनही वितळलेल्या धातूचं डबकं दोन्ही बाजूंना सारखं पसरत नाही, आणि आधी वितळलेल्या निकेलच्या बाजूला घुसळण जास्त होते. प्रत्यक्ष केलेल्या जोडांशीही हे चित्र बऱ्यापैकी जुळलं. वेल्डिंगच्या गणिताच्या इतिहासात मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उष्णता, प्रवाह आणि दोन धातूंचं मिसळणं ही तिन्ही गणितं इथे एकत्र सोडवलेली आहेत.

या गणिताची सुरुवात मात्र फक्त उष्णतेपासून झाली होती. डॅनियल रोझेंथाल यांनी १९४० च्या दशकात सरकत्या उष्णतास्रोताचं समीकरण मांडलं. त्यात स्रोत म्हणजे एक बिंदू, धातू एकच आणि त्याचे गुणधर्म तापमानाबरोबर न बदलणारे. लेसर तेव्हा नव्हताच. थिओडोर मायमन यांनी तो १९६० मध्ये दाखवला. पण जाड पत्रा जोडण्याइतकी ताकद पुढे मिळाली ती १९६४ च्या कार्बन डायऑक्साइड लेसरच्या वाटेने. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत तो बनवणारे सी. कुमार पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. आपल्याकडे हे फार थोड्यांना माहीत आहे, ते प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगायला हवं.

१९८४ मध्ये जॉन गोल्डाक आणि सहकाऱ्यांनी बिंदूऐवजी खोली असलेला, पुढे आखूड आणि मागे लांब असा लंबगोल स्रोत आणला. १९८७ मध्ये व्होलर आणि प्रकाश या संशोधकांनी वितळण्याच्या गणितातला पेच सोडवला: अर्धवट वितळलेला भाग सच्छिद्र मानायचा, द्रव वाढेल तसा प्रवाहाचा अडथळा कमी करायचा. घन आणि द्रव यांच्यामधली सरकती सीमा वेगळी शोधत बसावी लागत नाही. बंगळुरूचं मॉडेल याच पद्धतीवर उभं आहे.

तांबं आणि निकेल कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. बॅटरीत लागणारा तांबं-ॲल्युमिनियमचा जोड तसा नाही; तिथे मिश्रण थोडं बिघडलं की ठिसूळ संयुगं तयार होतात आणि जोड तडकतो. शिवाय बंगळुरूचं मॉडेल धातू उकळू न देता केलेल्या वेल्डिंगपुरतं होतं. किरण तीव्र केला की धातूची वाफ होऊन खोल, अरुंद भोक पडतं. त्याच्या हलत्या भिंती, वाफेचा दाब आणि वितळताच वाढणारं तांब्याचं प्रकाशशोषण, हे सगळं क्षणाक्षणाला मोजावं लागतं.