सावत्र अपत्याचे दत्तकविधान

पती किंवा पत्नीच्या आधीच्या संबंधातील अपत्याला जोडीदाराने कायद्याने स्वतःचे अपत्य म्हणून स्वीकारणे. केवळ विवाहामुळे नाते सावत्र होते, वारसाहक्क मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात सावत्र मुलगा सावत्र बापाच्या ‘पुत्रा’त मोडत नाही. एकाच घरात वाढलेल्या मुलाला बापाच्या मृत्यूनंतर परके ठरवणारी ही उणीव दत्तकविधानाने भरून निघते.

प्राचीन रोममध्ये सावत्र पुत्र दत्तक घेतल्याची ठळक उदाहरणे आहेत. सम्राट ऑगस्टसने इ.स. ४ मध्ये पत्नी लिव्हियाचा पुत्र टायबीरियस यास दत्तक घेतले, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. सम्राट क्लॉडियसने इ.स. ५० मध्ये सावत्र पुत्र नीरोला दत्तक घेतले. त्यामागे सिंहासनाच्या वारशाचा हेतू होता.

भारतीय परंपरेतील मूळ वादग्रस्त आहे. विवाहापूर्वी झालेल्या ‘कानीन’ पुत्राला मनुस्मृती मातेच्या पतीचा पुत्र मानते, तर याज्ञवल्क्यस्मृती मातामहाचा (आईच्या वडिलांचा). मात्र हे पुत्रत्व विधीशिवाय प्राप्त होते, म्हणून त्यास सावत्र दत्तकाचे पूर्वरूप म्हणणे बेताबेतानेच योग्य. वयाचा वाद अधिक महत्त्वाचा आहे. पाच वर्षांवरील किंवा जनक (जन्माच्या) कुळात चौलसंस्कार (जावळ काढण्याचा विधी) झालेला मुलगा दत्तक घेऊ नये, अशा अर्थाची वचने कालिकापुराणाच्या नावे सांगितली जातात. नंदपंडिताने दत्तकमीमांसा या धर्मशास्त्रग्रंथात ती आधारभूत धरली. व्यवहारमयूख या दुसऱ्या धर्मशास्त्रग्रंथाचा कर्ता नीलकंठ याने मात्र कालिकापुराणाच्या दोन-तीन प्रतींत ती आढळत नाहीत, असा आक्षेप घेतला आणि विवाहित, इतकेच नव्हे तर पुत्रवान पुरुषही दत्तक होऊ शकतो, हे आपल्या वडिलांचे मत उद्धृत केले. दोन्ही ग्रंथ साधारणतः सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावेत. प्रत्यक्ष पोथ्या पडताळून घेतलेला नीलकंठाचा आक्षेप अधिक भक्कम वाटतो. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील या काशीकर पंडिताचे मत महाराष्ट्रात प्रमाण मानले गेले, आणि मुंबई इलाख्यात प्रौढ दत्तकाची रूढी न्यायालयांनीही स्वीकारली.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्या कलम १० प्रमाणे पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यास दत्तक घेता येत नाही. मात्र पक्षकारांना लागू असलेली रूढी वा परिपाठ तशी मुभा देत असल्यास अपवाद होतो. वरील रूढीचे व्यावहारिक मोल येथेच आहे. दत्तक घेणारा व अपत्य भिन्नलिंगी असल्यास वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. सावत्र बाप तरुण आणि मुलगी मोठी असली की ही अट आड येते. स्वतःचा हिंदू पुत्र हयात असताना सावत्र मुलाला या अधिनियमाखाली दत्तक घेता येत नाही, ही अडचण आणखी मोठी.

बाल न्याय अधिनियम, २०१५ याचा मार्ग सर्वधर्मीयांना खुला असला, तरी तो अठरा वर्षांखालील मुलांपुरता आहे. मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छा विचारात घेणे कलम ६१ नुसार आवश्यक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ सप्टेंबर २०२२ पासून) आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. मोठ्या मुलाच्या बाबतीत सर्वांत नाजूक कागद म्हणजे दूर गेलेल्या जनक पालकाचे संमतिपत्र. त्या सहीने तो आपले पालकत्व सोडत असतो, आणि त्याला ओळखणारे, कदाचित अजून भेटणारे मूल हे सारे समजण्याच्या वयाचे असते. म्हणूनच मुलाचे म्हणणे ऐकणे ही निव्वळ औपचारिकता समजू नये.

जर्मनीत चौदा व फ्रान्समध्ये तेरा वर्षांपासून अपत्याची स्वतःची संमती लागते. दोन्ही देशांत सज्ञानासही दत्तक घेता येते. फ्रान्सच्या ‘साध्या’ दत्तकात जनक कुळाशी नाते टिकते. इंग्लंडमध्ये दत्तक अर्ज अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबतच करता येतो. जपानमध्ये जोडीदाराचे अज्ञान अपत्य दत्तक घेण्यास कुटुंब न्यायालयाची परवानगी लागत नाही.