जमिनीला विचारायचा दुसरा प्रश्न : भूकंपप्रवण भागातील माती परीक्षणाची पार्श्वभूमी

१६ जून १९६४ रोजी जपानमधल्या निगाता शहराला ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. शिनानो नदीजवळच्या कावागिशी-चो भागात चार मजली काँक्रीटच्या इमारती रांगेने उभ्या होत्या. त्यातल्या काही कलल्या, आणि एक तर जवळजवळ आडवी झाली. भिंती मात्र शाबूत होत्या. रहिवासी बाहेर पडले ते चक्क इमारतीच्या भिंतीवरून चालत. पुढे यांपैकी काही इमारती जॅक लावून सरळ केल्या, पाया भक्कम केला आणि त्या पुन्हा वापरात आल्या. बांधकाम चांगलेच होते. दगा दिला तो खालच्या वाळूने.

माती तपासायची पद्धत तेव्हाही जुनीच होती. फक्त तिच्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर घेतले जाई : ही जमीन किती भार पेलेल आणि किती खचेल? एकोणिसाव्या शतकात पाण्याच्या झोताने भोक पाडत आणि वर येणाऱ्या गढूळ पाण्यावरून खाली काय आहे याचा अंदाज बांधत. १९०२ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स गाउ यांनी पोकळ नळी ठोकून कोरडा नमुना काढायला सुरुवात केली. नळी आत जायला किती ठोके लागतात हेही मोजण्यासारखे आहे, हे त्यातूनच लक्षात आले. १९४७ मध्ये मृदा यांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल टेर्झागी यांनी या पद्धतीला ‘स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट’ हे नाव दिले, आणि आज साइटवर सगळे तिला एसपीटी म्हणतात.

ही चाचणी एकदा तरी उभे राहून बघावी. तिकाटण्यावरून ६३.५ किलोचा हातोडा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवरून पडतो आणि बोअरच्या तळाशी टेकवलेली नळी मातीत शिरते. ती ४५ सेंटिमीटर आत घालवायची. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे, कारण तिथली माती बोअर घेताना ढवळली गेलेली असते. उरलेल्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे ‘एन व्हॅल्यू’. मग नळी वर काढून उभी उघडली की दोन अर्ध्या पन्हळींमध्ये मातीचा नमुना दिसतो. सैल वाळूत चार-पाच ठोक्यांतच नळी खाली जाते, तर घट्ट वाळूत पन्नास ठोकेही पुरत नाहीत.

दुसरा प्रश्न, म्हणजे ही जमीन हादरली तर काय होईल, हा भूकंपांनी विचारायला लावला. १९०६ च्या भूकंपानंतर हॅरी वुड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या नुकसानीचा नकाशा केला. खाडी आणि दलदल बुजवून केलेल्या भरावावर हादरे सर्वात तीव्र होते, तर खडकावर कितीतरी कमी. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाने हेच फार मोठ्या प्रमाणावर दाखवले. उत्तर बिहारमध्ये सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात घरे कलली आणि जमिनीत रुतली, भेगांतून वाळू आणि पाणी उसळले. रस्त्यांचे भराव खाली बसले, तळी-खड्डे उथळ झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या भागाला ‘स्लम्प बेल्ट’ म्हटले. इतका स्पष्ट पुरावा नोंदला गेला, तरी पायाच्या हिशेबात तो यायला आणखी तीस वर्षे गेली, याचे फार वाईट वाटते.

यामागचे तत्त्व टेर्झागींनी १९२० च्या दशकातच मांडले होते. मातीची ताकद कणांनी एकमेकांना दाबून धरण्यात असते, आणि मधल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सुटते. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की कण जवळ सरकू पाहतात. पाण्याला तेवढ्या वेळात बाहेर पडायला वाट नसते, म्हणून दाब चढतो आणि काही क्षण वाळू द्रवासारखी वागते. हेच द्रवीकरण. जड इमारत खाली जाते आणि जमिनीतल्या रिकाम्या टाक्या वर तरंगून येतात.

निगाताच्या तीनच महिने आधी, २७ मार्च १९६४ रोजी, अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि अँकरेजमधली टर्नागेन हाइट्स ही वस्ती जमिनीसकट घसरली होती. या दोन घटनांनंतर अभ्यासाला खरा वेग आला. १९७१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतले एच. बोल्टन सीड आणि आय. एम. इद्रिस यांनी द्रवीकरणाचा धोका तपासण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. एका बाजूला भूकंप मातीवर किती ताण आणेल, दुसऱ्या बाजूला माती किती सोसेल. हे सोसणे मोजायला त्यांनी तीच जुनी ठोक्यांची चाचणी घेतली. पुढे वाळू उसळलेल्या आणि न उसळलेल्या जागा एन व्हॅल्यूनुसार आलेखावर मांडत गेले आणि दोहोंमधून रेषा काढली. त्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे खरोखर हादरलेली एक जागा.

मग त्या ठोक्यांवर किती विसंबायचे, हेही पाहावे लागले. हातोड्याचा दोर फिरत्या ड्रमला गुंडाळलेला असेल तर घर्षणाने त्याचा जोर कमी होतो, म्हणून एकाच मातीत दोन यंत्रे वेगळे आकडे देतात. १९८० च्या दशकात हातोड्याच्या पूर्ण ऊर्जेपैकी ६० टक्केच नळीपर्यंत पोचते असे धरून एन व्हॅल्यू त्या मापावर आणून मांडायची रीत रुजली. माझ्या मते अहवालात हातोड्याचा प्रकार आणि भूजल पातळी कोणत्या महिन्यात मोजली, या दोन नोंदी नसतील तर तो परत पाठवावा. उन्हाळ्यात खोल गेलेले पाणी पावसाळ्यात पायापर्यंत चढू शकते.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत वेगळेच घडले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. पण शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या मऊ चिकणमातीवर वसलेला, आणि तिथे ती माती सुमारे दोन सेकंदांच्या संथ लयीत डोलली. त्या लयीशी जुळणाऱ्या, साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला. इथे ठोके मोजून भागत नाही, जमिनीतून लाट किती वेगाने जाते ते मोजावे लागते. जमिनीवर फळी दाबून ठेवायची, तिच्या टोकावर घण मारायचा आणि ती कातर लाट (कणांना आडवे हलवत जाणारी) बोअरमधल्या जिओफोनपर्यंत, म्हणजे हादरे टिपणाऱ्या उपकरणापर्यंत, किती वेळात पोचते ते बघायचे. वरच्या ३० मीटरमधला सरासरी वेग सेकंदाला १८० मीटरपेक्षा कमी आला तर जमीन मऊ, ७६० च्या वर गेला तर खडक.

वाळूचे पातळ थर ठोक्यांच्या चाचणीत निसटतात. त्यासाठी नेदरलँड्समध्ये १९३० च्या दशकात निघालेली शंकूची चाचणी कामी आली. तीत टोकदार शंकू सावकाश दाबत नेतात आणि मातीचा रोध जवळजवळ सलग नोंदला जातो. २०१०-११ च्या भूकंपांनी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या नदीकाठच्या वस्त्यांत गाळ उसळला, आणि सुमारे ८,००० घरांच्या जमिनी राहण्यायोग्य नाहीत असे ठरले. त्यानंतर शहरभर हजारो ठिकाणी शंकू दाबले गेले आणि सगळ्या नोंदी एकाच संग्रहात ठेवल्या. शेजारच्या प्लॉटखाली काय आहे, हे तिथल्या अभियंत्याला आता स्वतःचा बोअर घेण्याआधीच पाहता येते.