हळदीच्या रंगावर मेकअप शूट : पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ आम्ही केलेलं एडिटोरियल शूट, म्हणजे एका कल्पनेभोवती गुंफलेली मासिकी फोटोमालिका, हळदीवर होतं. एकच मॉडेल, सहा चेहरे, कोवळ्या पिवळ्यापासून कुंकवाच्या लालपर्यंत. फोटो पाहिलेल्या बऱ्याच जणांना वाटलं, की कल्पना एखाद्या परदेशी मासिकावरून सुचली असणार. मासिकांचा वाटा आहेच. पण तिचं मूळ सांगलीचं आहे, आणि ते सांगावंसं वाटतं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ त्याआधी इथे होऊन गेले होते. तसं काही मराठीतही व्हावं, ही राजेसाहेबांची इच्छा. त्या काळच्या पौराणिक खेळांत राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी परजत रंगभूमीवर येत. ‘अललडुर्र’ हे नाव त्या खेळांना या आरोळ्यांवरूनच पडलं. उजेड दिव्यांचा नि मशालींचा. पिवळट, हलत्या उजेडात मागच्या माणसाला नाकडोळे दिसायचे, तर भुवया ठसठशीत कोराव्या लागतात आणि गालांवर लाली चढवावी लागते. पांढरा सफेदा, पिवळी पिवडी, लाल हिंगूळ, मुर्दाडशिंग, काजळ हे जुन्या रंगपटातलं, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीतलं सामान. हिंगुळात पारा असतो, मुर्दाडशिंगात शिसं. उजेड कमी म्हणून नटांनी वर्षानुवर्षं हे तोंडाला फासलं, हे आठवलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. आज रंगाच्या डबीवरचे घटक वाचल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, हा आमच्या टीमचा नियम त्यातूनच आलाय.

युरोपात १८७३च्या सुमारास लुडविग लाइशनर या ऑपेरा गायकानं शिसं नसलेले, चरबीत घोटलेले रंग बाजारात आणले. मग सिनेमा आला आणि वेगळंच संकट उभं राहिलं. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग टिपताच येत नसे, त्यामुळे लाल ओठ पडद्यावर काळे दिसत. पुढे रंगीत सिनेमासाठी हॉलिवूडचे रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांनी पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजनं लावायचा वडीसारखा रंग, बनवला. १९३८ साली तो दुकानात आला आणि यथावकाश आपल्या रंगपटांतही रुळला. उजेड बदलला की चेहरा बदलतो, फिल्म बदलली की रंग बदलतो. मेकअपचा सगळा इतिहास मला तरी या एका धाग्यात दिसतो.

सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांनी रंगवलेली नायिका भामिनी घराघरांत पोचली. त्यांची साडी, अंबाडा, नथ बायका हौसेनं उचलू लागल्या. एका पुरुषाच्या रंगभूषेनं बायकांची फॅशन ठरवावी, याहून मोठी दाद रंगभूषेला कुठली?

छापील मासिकांचा धागाही इथून फार लांब नाही. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी १९११ साली पॅरिसमध्ये गाऊनचे फोटो काढले. आधुनिक फॅशन छायाचित्रणाची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. १९३२ साली त्यांच्याच रंगीत फोटोचं मुखपृष्ठ ‘व्होग’ या फॅशन मासिकानं छापलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३०मध्ये, आपल्या किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघू लागलं होतं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईला स्वतःचा विचार असू शकतो, हे मराठी वाचकाला ‘स्त्री’नं दाखवलं. मॉडेलला नुसतं सुंदर बसवायचं नाही, तिनं कॅमेऱ्याकडे रोखून बघायचं, हे आम्ही तिथून घेतलं.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, त्याच्या कितीतरी आधीची. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं खराब झाली. शूटची जागा हरिपूरच हवी, हा हट्ट त्यासाठी होता.

उजेडाचा धडा आम्हालाही लागू पडला. पिवळा रंग पिवळ्या बल्बखाली गव्हाळ त्वचेत पार विरून जातो. टेस्ट शूटमध्ये ते दिसल्यावर पिवळे चेहरे सकाळच्या मोकळ्या उजेडात घ्यायचे ठरले. फाउंडेशन जवळजवळ नाहीच. पापण्यांवर डोळ्यांसाठीचंच पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, आणि खरी हळद फक्त गळ्याखाली नि हातांवर, कारण तिचा डाग दिवसभर हटत नाही. फोटो निवडताना जाणवलं, की सगळ्यात चांगले फोटो तेच, ज्यांत त्वचेची रंध्रं दिसतात आणि पिवळी पूड गालावरच्या लवेत अडकलेली दिसते. रिटचिंगमध्ये तिला हात लावला नाही.

शेवटचा, लाल चेहरा कुंकवाचा. हळदीला चुन्यासारखं अल्कली लागलं की तिच्यातलं कर्क्युमिन लाल होतं. पारंपरिक कुंकू होतं ते असंच. चुना त्वचेला भाजतो, म्हणून चेहऱ्यावर तयार लाल रंग लावला. खरा प्रयोग पितळेच्या ताटलीत केला: ओल्या हळदीत चुन्याची निवळी बोटभर सोडली, तशी कडेकडेनं विटकरी लाली चढत आत सरकली. ताटलीचे ते फोटो मालिकेत लाल चेहऱ्याच्या आधी लावले आहेत.