जोत्याखालची काळी माती

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात जमीन उलते. विजापूर रस्त्याने किंवा होटगीकडे शहराबाहेर पडलं की रिकाम्या प्लॉटांवर काळ्या रानाला हात आत जाईल अशा भेगा पडलेल्या दिसतात. नेमक्या याच दिवसांत घरांची आणि गोठ्यांची कामं निघतात. शेतात काही नसतं, जेसीबी मिळतो, पावसाआधी जोतं वर आलं पाहिजे अशी घाई असते. झुडपं काढायची, दोन-चार हायवा मुरूम ओतायचा, त्यावर जेसीबीचं चाक फिरवायचं, की भराव झाला. मग पाऊस लागतो. भेगांतून पाणी खोल उतरतं, सप्टेंबरच्या जोरदार पावसात माती पोटभर पिते, आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. दोष सिमेंटला दिला जातो, गवंड्याला दिला जातो. बहुतेक वेळा कारण त्या दोघांच्याही खाली, जोत्याखालच्या पहिल्या चार-पाच फुटांत असतं.

या मातीचा जन्म बेसाल्टमधून झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर साचले, त्याचाच हा काळा दगड. तो कोकणातही आहे आणि सोलापुरातही आहे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे खडक कुजताना त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं आणि जांभा तयार होतो. सोलापूरला पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर. एवढ्या पाण्याने खडक कुजतो, पण कुजल्यावर सुटलेले क्षार जागेवरच राहतात. त्यांच्यापासून माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज घडतं. फ्रान्समधल्या माँटमोरियाँ गावावरून त्याला हे नाव मिळालं आहे.

या खनिजाचा प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेले पापुद्रे. एक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांच्या मधल्या फटीत कॅल्शियम, सोडियमचे धन आयन बसलेले असतात. पाणी आलं की ते या आयनांभोवती गोळा होतं, फटीत शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलतं. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की पापुद्रे पुन्हा जवळ येतात आणि जमीन उलते. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ मोजलं तर ते ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. पाण्याला चिकटायला एवढी जागा मिळते, म्हणून तर परतीच्या पावसाची ओल धरून मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थंडीत पिकते. शेतकऱ्याला जो गुण सोन्यासारखा, तोच घर बांधणाऱ्याला भारी पडतो.

आपल्याकडची जुनी गावठाणं पांढरीवर, थोड्या उंच जागी वसलेली असत आणि काळी पेरणीला ठेवलेली असे. आता शहर पसरतं ते थेट काळीवर, आणि त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आला आहे.

फुगणाऱ्या मातीचा जोर किती? कोरडी, घट्ट काळी माती कोंडून भिजवली तर ती चौरस मीटरला २०-३० टनांपर्यंतही वर रेटू शकते. एकमजली घराच्या पायाखाली भार येतो चौरस मीटरला साधारण ५ ते १० टन. फरशीचा भार तर टनाच्या आसपासच. म्हणून या मातीत चार मजली इमारतीपेक्षा साधं बैठं घर आणि पत्र्याचा गोठा जास्त हलतो. सगळं घर सारखंच वर-खाली झालं असतं तर काही बिघडलं नसतं. पण कडेची माती उन्हाने सुकते, पावसाने भिजते, वर्षाला एकदा श्वास घेतल्यासारखी हलते. मधली माती घराने झाकली जाते, तिथली वाफ कोंडते आणि ओल हळूहळू वाढत राहते. त्यामुळे हॉलच्या मध्यभागी फरशी फुगते, दार चौकटीला घासू लागतं, कोपरे मात्र उन्हाळ्यात खचतात. भिंतीला हा फरक सोसत नाही.

तेव्हा जागा तयार करणं म्हणजे घराखालची ओल बारा महिने सारखी राहील अशी व्यवस्था करणं. सपाटी त्या कामाचा एक भाग, तोही सोपा.

सुरुवात खड्ड्याने करावी. प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत पाच-सहा फूट खोदून पाहिलं की खाली काय आहे ते उघड दिसतं. वर काळी माती, मग कुठे चुनखडीचे खडे, मग मुरूम, त्याखाली कातळ. भीमा आणि सीनेच्या काठाला काळी खूप खोल जाते, माळाला दोन फुटांवरच मुरूम लागतो. एकाच प्लॉटच्या दोन टोकांना हा फरक असू शकतो, आणि तो माहीत नसताना अर्धं घर मुरमावर, अर्धं काळीवर उभं राहतं. चीर हमखास त्या सांध्यावर पडते.

माती किती फुगते ते पाहण्याची परीक्षा सोपी आहे. भारतीय मानकानुसार प्रयोगशाळेत बारीक चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे तिथली माती आहे तेवढीच राहते. चोवीस तासांनी दोन्हींची पातळी वाचतात. पाण्यातली माती दीडपट झाली असेल तर फुगण्याचं प्रमाण ५० टक्के. त्याच्या पुढे गेलं की काळजी घ्यायची, १०० च्या पुढे गेलं तर अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय कुदळ मारू नये. लाखो रुपयांच्या घरापुढे या परीक्षेचा खर्च किरकोळ आहे. तरी ती फार थोडे लोक करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काळीचा थर तीन-चार फुटांचा असेल तर तो काढून टाकणं सगळ्यात उत्तम. मुळं, काडीकचरा, शेणखताची वरची माती तर काढलीच पाहिजे, कारण ती कुजून पोकळी होते. खणलेल्या जागी मुरूम भरायचा. मुरूमही त्याच बेसाल्टचा, फक्त अर्धवट कुजलेला. त्यात फुगणारं खनिज कमी आणि खडे जास्त. पण गाडीतून येणारा प्रत्येक मुरूम चांगला नसतो. चिमूटभर भिजवून बोटांत मळून पाहावा. साबणासारखा बुळबुळीत लागला, वाळल्यावर आक्रसून तडकला, तर त्यात काळी मिसळलेली आहे, ती गाडी परत पाठवावी. अगदी नुसते खडेही नकोत, थोडा चिकटपणा हवा. काळ्या मातीवर आयुष्यभर संशोधन केलेल्या आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी हेच दाखवून दिलं. न फुगणाऱ्या पण धरून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर काळीवर दाबून बसवला की खालची हालचाल वर पोचत नाही. कालव्यांच्या अस्तराखाली हे तंत्र वापरलं गेलं. नुसती वाळू भरणं त्यामानाने वाईट, कारण वाळूच्या पोकळ्यांत पाणी साठतं आणि ते निवांतपणे खालच्या काळीला मुरत राहतं.

मुरूम टाकण्याआधी खड्ड्याच्या तळाशी काळी उरलीच असेल तर ती भेगाळलेली झाकू नये. चार-पाच दिवस शिंपडून पाणी मारावं, भेगा मिटू द्याव्यात. सुकी काळी पुरली तर ती पुढे घर उभं राहिल्यावर फुगणारच.

काळी आठ-दहा फूट असेल तर काढणं परवडत नाही. तिथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेला गोळ्याचा पाइल वापरतात. साडेतीन मीटर किंवा जास्त खोल जाणारा हा खांब खालच्या टोकाला अडीचपट फुगीर असतो, त्यामुळे वरची माती त्याला उपटू शकत नाही. त्यावरच्या बीमखाली काही सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात, माती फुगली तर तिला जायला वाट राहते. फरशीखाली मात्र मुरूम लागतोच.

भराव दाबण्याच्या कामात सगळ्यात जास्त कामचुकारपणा होतो. दोन-तीन फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे आठ-नऊ इंच घट्ट होतात, खालचा भुसभुशीत राहतो. चाकाचा दाब खोलीबरोबर पसरत आणि विरत जातो. म्हणून थर सात-आठ इंचांचाच हवा आणि प्रत्येक थर वेगळा दाबला पाहिजे. हाताच्या धुम्मसने काम असेल तर सहा इंच.

यात पाण्याचं प्रमाण निर्णायक असतं. लॉस एंजेलिसमध्ये मातीची धरणं बांधताना राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने हे मोजलं आणि १९३३ साली प्रसिद्ध केलं. कोरड्या भरावात खडे एकमेकांना घासतात, ढेकळं मोडत नाहीत, हवा आत राहते. थोडं पाणी मिळालं की कण सरकतात आणि जवळ बसतात. पाणी फार झालं तर पोकळ्या त्यानेच भरतात. पाणी दाबलं जात नाही आणि फटक्यासरशी बाहेरही पडत नाही, त्यामुळे रोलर फिरतो आणि भराव डुलतो. या दोन्हींच्या मध्ये एक योग्य ओल असते. मूठभर मुरूम दाबून गोळा करावा. गोळा झाला, हात ओला झाला नाही, कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर ओल बरोबर. मोठ्या कामावर प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता मागतात, आणि घराच्या कामावरही ती मागायला हरकत नाही. टँकर मोकळा करून भरावात तळं केलं की माती आपोआप बसते, ही समजूत मात्र काळीवर घातक आहे. ते सगळं पाणी खाली मुरतं.

मुरूम किती लागेल? तीस बाय चाळीसचं घर असेल तर भराव घराएवढाच करून चालत नाही. चारी बाजूंनी पाच-पाच फूट बाहेर घ्यावा, म्हणजे कडेची हालचाल भिंतीपासून लांब राहते. चाळीस बाय पन्नास, म्हणजे २,००० चौरस फूट. दोन फूट दाबलेल्या थराला ४,००० घनफूट, म्हणजे ४० ब्रास. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पन्नासेक ब्रासची तयारी ठेवावी. अंदाजपत्रकात वीस ब्रास लिहिलेले असतील तर ठेकेदाराला हिशोब समोर बसून करायला सांगावा.

आखणीला महागडं यंत्र लागत नाही. तीस बाय चाळीसला कर्ण बरोबर पन्नास फूट येतो, दोन्ही कर्ण जुळले की फक्की मारावी. पातळीसाठी पारदर्शक नळीतलं पाणी पुरतं, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नये.

उताराकडे मात्र नीट लक्ष द्या. घराभोवतीची जमीन भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतरली पाहिजे. १,२०० चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी खाली येतं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूरने एका दिवसात त्याच्यापेक्षा बराच जास्त पाऊस पाहिला आहे. ते पाणी पाइपाने भिंतीच्या पायथ्याशी सोडलं तर वरची सगळी मेहनत फुकट. मुरमातून पाणी झिरपतं आणि खालच्या काळीवर अडतं, म्हणून बाहेर घेतलेल्या भरावावर भिंतीला लागून तीन-चार फुटांची काँक्रीटची पट्टी करावी, तिचा उतारही बाहेर. शोषखड्डा, धुण्याची मोरी, बोअरची टाकी जोत्याला खेटून नको. झाडंही नकोत. कडुनिंब दारात हवासा वाटतो, पण तो उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतो. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या उंचीएवढं अंतर ठेवलं तर दोघंही सुखाने राहतात.

गोठ्याचं गणित थोडं निराळं. जनावराच्या खुराखालची फरशी सपाट नको. गव्हाणीकडून मूत्रनालीकडे दहा फुटांत तीन इंच उतार पुरतो, त्याहून जास्त दिला तर गाय घसरते. पत्र्याला वजन नसतं, त्यामुळे वाऱ्यात खांब उपटू पाहतात आणि पावसात माती त्यांना वर रेटते. म्हणून प्रत्येक खांबाचा पाया काळी ओलांडून मुरमात नेलेला हवा. रोज धुतलेलं पाणी आणि मूत्र नालीतून थेट खड्ड्यात जाईल अशी सोय करावी, नाहीतर गोठ्याच्या एकाच बाजूची माती वर्षभर ओली राहते आणि तीच बाजू आधी उचलली जाते.

घाई नसेल तर जोतं बांधून, भराव पूर्ण करून एक पावसाळा जाऊ द्यावा. दिवाळीनंतर नळीने पुन्हा पातळी घ्यावी, कोपऱ्यांवरच्या खुणांशी ताडून पाहावी, कुठे पाणी साचलं होतं ते चिखलाच्या डागांवरून ओळखावं, तिथला उतार दुरुस्त करावा आणि मगच भिंती उचलाव्यात.