ओंडक्यासारखे डोके : चिनी ‘वान’ अक्षराची पार्श्वभूमी

‘वान’ (頑), म्हणजे हट्टी, चिवट, या अक्षराचे दोन भाग आहेत. डावीकडचा ‘युआन’ नुसता उच्चार सुचवतो. उजवीकडच्या ‘ये’चा आजचा अर्थ पुस्तकाचे पान, पण मुळात ते माणसाच्या डोक्याचे चित्र, म्हणूनच कपाळ, मान, गाल यांच्या अक्षरांतही ते दिसते. पारंपरिक लिपीत ‘वान’ला १३ रेघा, चीनमधल्या सोप्या लिपीत १०.

चिनी पंडित शू शनने इ.स. १००च्या सुमारास पूर्ण केलेल्या अक्षरकोशात याचा अर्थ ‘न फोडलेल्या ओंडक्यासारखे डोके’ असा दिला आहे. म्हणजे मुळात हे अक्षर जिद्दीचे नाही, आत काही न शिरण्याचे आहे. ‘वानशर’ म्हणजे न घडवलेला, मठ्ठ दगड. त्याच्याशी जोडलेली दंतकथा थेट भारतीय वादातून आली. फाहियानने भारतातून नेलेल्या महापरिनिर्वाणसूत्र या बौद्ध ग्रंथाच्या भाषांतरात ‘इच्छंतिक’, म्हणजे श्रद्धाहीन माणूस, बुद्धत्वाला अपात्र ठरला होता. चिनी भिक्षू दाओशंगला (मृत्यू ४३४) हे पटेना; असा माणूसही बुद्ध होऊ शकतो, असे त्याचे म्हणणे. त्याला आजच्या नानजिंगमधून घालवून दिले, तेव्हा म्हणे त्याने सूचौच्या व्याघ्र टेकडीवर दगडांनाच प्रवचन दिले आणि त्यांनी माना डोलावल्या. पुढे धर्मक्षेम या भारतीय भिक्षूने त्याच सूत्राचे केलेले मोठे भाषांतर दक्षिण चीनमध्ये पोहोचले. त्यात दाओशंगचेच म्हणणे निघाले. ‘मठ्ठ दगडांनीही मान डोलावली’ हा वाक्प्रचार आजही चालतो.

आजच्या बोलीत ‘वान’ सहसा एकटे येत नाही आणि शिकणारे नेमके इथेच फसतात. ‘वानगू’ ही निंदा: बदल नाकारणारा, हेकट. चीनच्या शेवटच्या, छिंग राजवटीच्या अखेरीस सुधारणांना विरोध करणाऱ्यांना हेच विशेषण चिकटले. न निघणाऱ्या डागालाही तेच लावतात. ‘वानछ्यांग’ मात्र स्तुती: चिवट, हार न मानणारा. वरिष्ठांच्या चिकाटीचे कौतुक करताना ‘वानगू’ म्हटले तर तो अपमानच. युद्धाच्या बातम्यांत तर पक्ष उघड दिसतो: आपल्या सैन्याचा प्रतिकार ‘वानछ्यांग’, शत्रूचा ‘वानखांग’, म्हणजे हेकट विरोध. ‘वानफी’ म्हणजे खोडकर, बहुधा मुलांसाठी आणि लाडाने. घरातल्या साध्या हट्टी माणसाला ‘ज्यांग’ म्हणतात. त्या अक्षरात वर ‘बलवान’ आणि खाली बैल असतो.

जपानीत या अक्षराचा उच्चार ‘गान’. ‘गानबारू’ (नेटाने झटणे) लिहिताना ते येते, पण तिथे ते केवळ उच्चार जुळला म्हणून बसवलेले आहे.