न्यू इंग्लंडमधील शेतकरी-शिपायाचा कुलशोध

सतराव्या-अठराव्या शतकांत मॅसॅच्युसेट्स व शेजारच्या इंग्रज वसाहतींत जमीन कसणाऱ्या आणि गावच्या मिलिशियात नाव असलेल्या पूर्वजाची वंशावळ कागदपत्रांवरून जुळवण्याची पद्धत. मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. गावातले धडधाकट पुरुष आपापली बंदूक घेऊन कवायतीला जमत आणि एरवी शेती करीत. असा माणूस स्वतःबद्दल सहसा काही लिहून ठेवीत नसे. तो सापडतो तो गावाच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, चर्चच्या दप्तरात, खरेदीखतात, करयादीत, आणि मेल्यावर शेजाऱ्यांनी केलेल्या चीजवस्तूंच्या यादीत. या यादीइतके त्याचे घर दुसरा कोणताच कागद दाखवीत नाही. गाई किती, नांगर आहे की नाही, अंथरुणे किती, बंदुकीची किंमत काय धरली, हे सारे तिथे मिळते.

मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावचा शेतकरी व मिलिशियाचा कॅप्टन जॉन पार्कर (१७२९–१७७५) हे याचे चांगले उदाहरण. त्याचे घराणे रेडिंग गावच्या थॉमस पार्करपर्यंत मागे नेतात. हा थॉमस १६३५ मध्ये इंग्लंडहून आला. १६२० ते १६४० या काळात न्यू इंग्लंडला आलेल्या सुमारे २०,००० लोकांपैकी तो एक. लेक्सिंग्टन १७१३ पर्यंत मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिज गावाचा भाग होते, त्यामुळे तिथल्या घराण्यांच्या त्याआधीच्या नोंदी केंब्रिजच्या दप्तरात पाहाव्या लागतात. गावांच्या वाटण्या ठाऊक नसल्या की शोध इथेच अडतो.

तारखांचाही घोळ आहे. १७५२ पर्यंत वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्माला जुन्या आणि नव्या पद्धतीचे असे दोन सन लिहिलेले दिसतात (उदा. १७२९/३०). नावापुढचे ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे शब्द बाप-लेकच दाखवतात असेही नाही. एका गावात एकाच नावाचे काका-पुतणे असले तरी ते वापरीत.

घरात चालत आलेली गोष्ट आणि कागद यांतले अंतर पार्करच्या बाबतीत ठळक दिसते. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली तेव्हा, ब्रिटिश तुकडी समोर आल्यावर, जागा सोडू नका, युद्ध व्हायचेच असेल तर इथूनच होऊ द्या, असे तो म्हणाल्याचे लेक्सिंग्टनच्या मैदानातल्या शिळेवर कोरले आहे. घटनेनंतर सहाच दिवसांनी दिलेल्या शपथेवरच्या जबानीत मात्र त्याने सांगितले, की मी माणसांना पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितले. कुलशोध करणाऱ्याने जबानीला अधिक वजन द्यावे. शिळेवरचे शब्द नंतरच्या आठवणींवर आधारलेले आहेत. त्याच सप्टेंबरात पार्कर क्षयाने वारला.

त्याच्या मिलिशिया तुकडीत प्रिन्स एस्टाब्रुक हा कृष्णवर्णीय गुलामही होता आणि त्या सकाळी तो जखमी झाला. त्याचे आडनाव मालकाच्या घराण्याचे. पार्करच्या बाबतीत वाट दाखवणारी खरेदीखते आणि मृत्युपत्रे अशा माणसासाठी उलट्या दिशेने वाचावी लागतात, मालकाच्या मालमत्तेत त्याचे नाव शोधत. ही बाजू वगळून लिहिलेला गावाचा कुलवृत्तांत अपुराच राहतो.

हजेरीपटांत नाव, हुद्दा, सेवेचे दिवस आणि कधी चाललेले मैल एवढेच असते. राज्याच्या दप्तरातले असे पट ‘मॅसॅच्युसेट्स सोल्जर्स अँड सेलर्स’ या १७ खंडांच्या सूचीत उतरवले आहेत. केंद्र सरकारचे युद्धखात्याचे बरेच कागद नोव्हेंबर १८०० च्या आगीत जळाले. १७९० ची जनगणना फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव देते. म्हणून पेन्शनच्या फायलींचे मोल मोठे. १८३२ च्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धात किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशियाच्या माणसांनाही पेन्शन मिळू लागली, आणि सत्तरी-ऐंशीतले म्हातारे न्यायालयात उभे राहून जन्मगाव, कॅप्टनचे नाव, कुठे कूच केले ते सांगू लागले. १८३६ नंतर विधवांनाही हक्क मिळाला. लग्नाचा पुरावा म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलातली मुलाबाळांच्या जन्मतारखांची पाने फाडून अर्जाला जोडली. ती पाने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत.