प्रतिकूल कब्जा

दुसऱ्याच्या मालकीच्या स्थावर मिळकतीचा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारून ठेवलेला ताबा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार खाजगी जमिनीसाठी ही मुदत १२ वर्षे (अनुच्छेद ६५), तर सरकारी जमिनीसाठी ३० वर्षे (अनुच्छेद ११२) आहे. तेवढ्या काळात मालकाने दावा लावला नाही, तर कलम २७ प्रमाणे त्याचा हक्कच संपतो.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील मानल्या जाणाऱ्या याज्ञवल्क्यस्मृतीत (व्यवहाराध्याय, श्लोक २४) मालक पाहत असून गप्प राहिला व दुसरा भोगत राहिला, तर जमिनीची हानी २० वर्षांत आणि इतर धनाची १० वर्षांत होते, असे म्हटले आहे. ‘हानी’ कशाची, हा खरा वाद आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या त्याच स्मृतीवरील भाष्यात (साधारणतः अकराव्या शतकाची अखेर ते बाराव्याचा आरंभ) ती उत्पन्नाची मानली आहे, स्वामित्वाची नव्हे. पुढच्याच श्लोकात गहाण, ठेव, सीमा, अज्ञान बालक, स्त्री व राजा यांचे धन या नियमातून वगळले आहे. हे पाहता आजचा नियम स्मृतींतून थेट उतरला असे म्हणणे अवघड दिसते. त्याची बांधणी इंग्रजी मुदत-कायद्यांवरची आहे. भारतात १८५९ च्या कायद्याने दाव्याला मुदत घातली. जमिनीवरील हक्कच संपतो, हे स्पष्ट शब्दांत १८७१ च्या कायद्यात आले.

१९०८ च्या कायद्याखाली ताबा गमावलेल्या मालकाला आपण १२ वर्षांच्या आत ताब्यात होतो हे सिद्ध करावे लागे (अनुच्छेद १४२). आता मालकाने मालकी दाखवली की ओझे कब्जेदारावर येते. ताबा कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणत्या स्वरूपाचा होता, तो उघड होता का आणि मालकाला कळला होता का, हे त्याने सांगावे लागते. अनेक दावे तारखेवरच पडतात.

१२ वर्षे राहिलेला भाडेकरू मालक होतो, हा समज चुकीचा आहे. परवानगीने आलेल्याची मुदत तो मालकी उघड नाकारतो तेव्हापासूनच चालू होते. भावाभावांच्या सामाईक जमिनीत एकाने एकट्याने कसणे पुरत नाही. दुसऱ्याला हक्क नाकारून बाहेर ठेवल्याचे दाखवावे लागते. ‘खरेदीने मालक, नाहीतर कब्जाने’ अशी दुहेरी भूमिका घेणाराही बहुधा अडकतो, कारण कब्जाच्या बचावात समोरचा मालक असल्याचे गृहीत धरावे लागते.

बांध कोरण्याचे प्रकरण वेगळे. दरवर्षी नांगराचे एक तास (सरी) शेजाऱ्याच्या रानात सरकते. म्हणजे प्रत्येक पट्टीची १२ वर्षे निराळी मोजावी लागतात. मोजणीचा नकाशा नसेल तर कोणती पट्टी कधी गेली, हे ठरतच नाही. सातबाऱ्यावरील पीक पाहणीची नोंद, घरपट्टीची पावती, कुंपण वा विहीर हा ताब्याचा पुरावा होतो. पण यांतले काहीही एकट्याने मालकीचा विरोध सिद्ध करत नाही. मालकाने नुसती नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही, वेळेत दावा दाखल व्हावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या नियमावर कठोर टीका करून सरकारला फेरविचार सुचवला. विधी आयोगाने २०२३ च्या २८० व्या अहवालात मात्र बदलाची गरज नाही असे मत दिले. कब्जेदार स्वतः वादी होऊन हक्क मागू शकतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतील मुदती लागू की १९६३ चा कायदा, हा प्रश्न २००१ मध्ये १९६३ च्या कायद्याच्या बाजूने सुटला.